चष्म्याचा नंबर नव्हे, स्टारगार्ट असू शकतो

दहा वर्षांच्या मुलीला तीनदा चष्मा बदलूनही फळ्यावरचं दिसत नाही असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते वाचून राहवलं नाही. माझ्या भाच्याचं अगदी हेच झालं, पहिल्या डॉक्टरांनी तर अभ्यास टाळायला नाटक करतो म्हणून सांगितलं आणि आमचं वर्ष वाया गेलं, शेवटी ओसीटी आणि ऑटोफ्लुरोसन्स (रेटिनाचे, म्हणजे डोळ्यातल्या पडद्याचे स्कॅन) केल्यावर कळलं की स्टारगार्ट हा रेटिनाचा आनुवंशिक आजार आहे. यात एबीसीए४ हे जीन बिघडलेलं असतं, त्यामुळे व्हिटॅमिन ए वापरून झाल्यावर उरणारा कचरा रेटिनाखाली साठत जातो आणि मधली नजर जाते, कडेची बहुतेकांची टिकते. तो आता माझ्याशी बोलताना माझ्या कानाकडे बघतो, कारण तसं केलं की चेहरा दिसतो. प्लीज, तिला 'नीट समोर बघ' म्हणून रागावू नका!

आणि वर कुणीतरी व्हिटॅमिन ए च्या गोळ्या सुचवल्यात, त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका, या आजारात त्या उलट्या पडू शकतात. जेवणातलं गाजर-पालक चालतं. उन्हात टोपी-गॉगल हवाच. रेटिना स्पेशालिस्टला दाखवा, जीन टेस्टचंही विचारा, आणि निदान झालं तर परीक्षेला लेखनिक मिळण्यासाठी सर्टिफिकेटचं काम लगेच सुरू करा, त्याला वेळ लागतो.