नुकसान झालं की माणूस खरंच नम्र होतो का?

शाहूपुरीवाला: 2019 च्या ऑगस्टात कोल्हापुरात पंचगंगेला पूर आला, राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, दुकानात छातीएवढं. ओसरल्यावर शटर उघडलं तर गल्ल्याचा ड्रॉवर फुगून अडकलेला, पहारीनं काढला, आत उधारीच्या वहीचा लगदा. त्याच वहीच्या जोरावर मी लोकांना चारचौघांत बोलायचो, कामावरच्या पोराला पाच मिनिटं उशीर झाला तर गिऱ्हाइकासमोर झापायचो. तोच पोरगा फावडं घेऊन आला आणि न बोलता दिवसभर चिखल ओढला. तेव्हापासून माझा आवाज खाली आला. प्रत्येकाला एकदा तरी अशी ठेच लागावी असं मनापासून वाटतं.

चिखलीकर: दादा शेवटच्या वाक्यानं डोकं फिरलं म्हणून लिहितोय. आमच्या प्रयाग चिखलीत दर पुराला ठेच लागते. 2019 ला वडील म्हशीची दावी कापून शेवटच्या नावेत बसले, दोन म्हशी गेल्या, एक गाभण होती. वडील त्यानं नम्र नाही झाले, गप्प झाले. आज पण पाऊस जोर धरला की रात्री तीनला उठून गोठ्यात जाऊन बसतात. नम्र व्हायला आधी अंगात मस्ती असावी लागते, ती आमच्याकडं कधी होती? ज्याला विमा, बँक आणि सासरवाडीचा आधार हाय त्यालाच पूर शिकवतो, बाकीच्यांचं कंबरडं मोडतो.

शिरोळचा: ह्या सगळ्याला कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण जबाबदार. कर्नाटक पाणी सोडत नाही, फुगवटा मागं येतो, आता धरणाची उंची 519 वरून 524 मीटर करायचं चाललंय, तेव्हा बघा काय होतंय.

पंचगंगाकाठ: पुराची कारणं शोधायला सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीमुळं पूर आला नाही असं म्हटलंय, वाचा जरा. शिरोलीजवळ हायवेचा भराव बघा, पूररेषेत टाकलेलं मुरूम बघा. पाण्याची वाट आपणच अडवली आणि बोट दुसऱ्या राज्याकडं.

शिरोळचा: समिती कागदावर. माझ्या उसात बारा दिवस पाणी उभं होतं, ते कागद वाचून उतरलं नाही. तुम्ही शहरवाले पूररेषेत बंगले बांधणार आणि आम्हाला शिकवणार?

पंचगंगाकाठ: मी भाड्याच्या खोलीत राहतो, तोंड सांभाळून बोला. तरी पण हायवेचा भराव तुमच्याकडच्या पाण्याला लागू नसेल, एवढं मानतो.

तालमीतला: धाग्याचा विषय काय आणि चाललंय काय. खाशाबा जाधव 1948 ला लंडन ऑलिंपिकला कुस्तीत सहावे आले. मातीतला पैलवान, मॅटची सवय नाही. हरले म्हणून काय येत नाही ते कळलं आणि 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ आणलं. हारीशिवाय हे झालं असतं? आमचे वस्ताद पण म्हणायचे, चितपट झालेल्या पोराला लगेच उचलू नका, दोन मिनिटं आभाळ बघू दे.

चिखलीकर: भावा, खाशाबांना हेलसिंकीला पाठवायला राजाराम कॉलेजच्या खर्डेकर सरांनी घर गहाण ठेवलं, 7000 रुपयांना. हार एकट्यानं शिकवत नाही, पाठीमागं कोण उभं राहतं त्यावर हाय. आमच्या वडिलांसाठी कोणी घर गहाण टाकलं? पंचनाम्याला आलेल्या माणसानं मेलेल्या म्हशीचा फोटो मागितला, वाहून गेलेल्या म्हशीचा फोटो कुठनं आणायचा?

तालमीतला: ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. तरी हरल्याशिवाय कळत नाही हे मी सोडणार नाही.

शाहूपुरीवाला: ते वाक्य मागं घेतो, चिखलीकर. ठेच कोणाला लागू नये. पण माझ्यात बदल झाला ते खोटं नाही, बायकोला विचारा.

चिखलीकर: झाला असेल, मानतो. एक सांगा, तो फावडंवाला पोरगा राहायला कुठं होता?

शाहूपुरीवाला: सुतारवाड्यात.

चिखलीकर: म्हणजे त्याचं घर पण पाण्यात.

शाहूपुरीवाला: व्हय. मला ते चौथ्या दिवशी कळलं, आणि ते पण दुसऱ्याकडनं. तो तीन दिवस माझा चिखल काढत होता आणि त्याची आई शाळेच्या वर्गात सतरंजीवर. मी त्याला चहा दिला, घर कसं हाय ते विचारलंच नाही.

चिखलीकर: हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं दादा.