मदत हवी आहे: पायथनमध्ये सिगटर्म आला की प्रोग्रॅम अडकतो, कधी नोंद अर्धीच राहते

सायसाखर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी मी पायथनमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला आहे. रास्पबेरी पायला वजनकाटा आणि फॅट मशीन सीरियल केबलने जोडले आहेत. सभासदाचं दूध काट्यावर आलं की वजन घ्यायचं, मग नमुना फॅट मशीनला लावायचा, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटशिवायचे घन पदार्थ) आले की दर लावून एसक्यूलाइटमध्ये नोंद करायची आणि पावती छापायची. एका सभासदाला साधारण मिनिटभर लागतो.

पहाटे लाइट हमखास जाते. यूपीएस छोटा आहे, म्हणून बॅटरी उतरली की एक स्क्रिप्ट मशीन व्यवस्थित बंद करते. त्या वेळी सिस्टिमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्रॅम) माझ्या प्रोग्रॅमला सिगटर्म (बंद हो, असं सांगणारा सिग्नल) पाठवतो. मी सिगटर्मचा हँडलर (सिग्नल आला की चालणारं फंक्शन) लिहिला आहे. तो लॉक (एका वेळी एकालाच डेटाला हात लावू देणारं कुलूप) घेतो, हातात असलेली नोंद डेटाबेसमध्ये लिहितो, लॉगमध्ये एक ओळ टाकतो आणि सिस.एक्झिट करतो.

दहापैकी आठ वेळा हे नीट चालतं. उरलेल्या वेळी प्रोग्रॅम जागच्या जागी थिजतो आणि दीड मिनिटाने सिस्टिमडी त्याला सिगकिल (सक्तीने बंद करणारा सिग्नल) देऊन मारतो. मग नोंदीत वजन असतं, फॅट नसते. एकदा तर लॉगमध्ये 'रीएन्ट्रंट कॉल' (एक काम चालू असताना त्याच कोडमध्ये पुन्हा शिरणं) अशी रनटाइम एरर दिसली.

गेल्या दहा दिवसांच्या बिलात एका आजींचं एका सकाळचं दूध फॅटशिवाय पडलं, म्हणजे पैसेच लागले नाहीत. त्या पावती घेऊन आल्या तेव्हा मला काही सांगता आलं नाही. वहीत लिहीत होते तेव्हा असं कधी झालं नव्हतं. म्हणून हे मला मुळापासून समजून घ्यायचं आहे. नुसती ठिगळपट्टी नको.

खटपट

ताई, तीन गोष्टी सांगा. हँडलर जे लॉक घेतो तेच मुख्य कोडही घेतं का? वजन आणि फॅट एकाच कमिटमध्ये (डेटाबेसमध्ये पक्कं लिहिणं) जातात की वेगवेगळ्या? आणि सीरियल वाचण्याभोवती कुठे नुसतं 'एक्सेप्ट' आहे का, कुठली चूक ते न लिहिता?

सायसाखर

हो, तेच लॉक. एसएमएस पाठवणारा एक वेगळा थ्रेड (प्रोग्रॅममध्येच समांतर चालणारं काम) डेटाबेस वाचतो, त्याच्यासाठी ठेवलं आहे. वजन आलं की एक कमिट, फॅट आली की दुसरं. आणि हो, नुसतं एक्सेप्ट आहे. काट्याकडून कधीकधी कचरा अक्षरं येतात, ती गिळून पुन्हा वाचण्यासाठी.

जुनी_वीट

मग तुमचे तिन्ही आजार इथेच सापडतात. जरा सविस्तर लिहितो, कारण मूळ गैरसमज बहुतेकांचा असतो. माझाही होता.

सिगटर्म आला की पायथन तुमचा हँडलर त्या क्षणी चालवत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम सिग्नल कुठल्याही क्षणी देते. त्या क्षणी इंटरप्रिटर (पायथन कोड चालवणारा प्रोग्रॅम) मेमरी वाटपाच्या मधोमध असू शकतो, एखाद्या डिक्शनरीचा आकार बदलत असू शकतो. तिथेच तुमचं पायथन कोड घुसवलं तर इंटरप्रिटरच कोलमडेल. म्हणून सी-पायथनचा (पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर) आतला, सी मधला हँडलर फक्त 'हा सिग्नल आला' अशी खूण करतो आणि परततो. पुढे बाइटकोडच्या (तुमच्या कोडचं इंटरप्रिटरला समजणारं रूप) दोन सूचनांच्या मधल्या सुरक्षित जागी इंटरप्रिटर ती खूण पाहतो आणि तुमचा हँडलर चालवतो. तोही नेहमी मेन थ्रेडमध्येच, सिग्नल कुठल्याही थ्रेडला आलेला असो.

आता यातली मेख. ती जागा सुरक्षित आहे ती इंटरप्रिटरसाठी. त्याच्या आतल्या रचना त्या वेळी धड असतात. तुमची नोंद धड आहे की नाही हे त्याला कसं कळणार? 'वजन लिहिलं' आणि 'फॅट लिहिली' यांच्यामध्ये शेकडो बाइटकोड सूचना आहेत, आणि त्यातल्या कुठल्याही फटीत हँडलर येऊन बसू शकतो.

थिजण्याचं कारण: मेन थ्रेडने लॉक घेतलेलं असताना हँडलर आला. हँडलर त्याच मेन थ्रेडवर, खालचं काम तसंच अर्धवट ठेवून चालतो. त्याने तेच लॉक मागितलं. लॉक सुटणार खालचं काम पुढे सरकल्यावर, आणि खालचं काम सरकणार हँडलर संपल्यावर. दोघंही कायमचे अडकले. तुमचे दोन वेगळे थ्रेड भांडत नाहीत, एकच थ्रेड स्वतःची वाट पाहतो आहे. सिस्टिमडीची मूळ मुदत ९० सेकंदांची, ती संपली की सिगकिल.

रीएन्ट्रंट एररचं तसंच. मुख्य कोड लॉग लिहीत असताना हँडलरही त्याच बफरमध्ये लिहायला गेला. सिग्नल हँडलरमधून लॉगिंग वापरता येईलच असं नाही, हे पायथनच्या दस्तऐवजातच लिहिलं आहे.

आणि सिस.एक्झिट म्हणजे सिस्टिमएक्झिट नावाचं एक्सेप्शन (कोडचा नेहमीचा क्रम तोडणारा इशारा). मेन थ्रेड त्या वेळी जिथे असेल तिथे ते फुटतं. सीरियल वाचताना फुटलं तर तुमचं नुसतं एक्सेप्ट ते कचरा अक्षरांबरोबर गिळून टाकतं. तिथे 'एक्सेप्ट एक्सेप्शन' तरी लिहा, सिस्टिमएक्झिट त्याच्या जाळ्यात येत नाही.

उपाय इंटरप्रिटर स्वतः करतो तोच करा. हँडलरमध्ये एक खूण: 'थांबायचं आहे' हे चलपद ट्रू. दुसरं काही नाही. लॉक नाही, डेटाबेस नाही, लॉग नाही. मग मुख्य लूपमध्ये, एका सभासदाचं काम पूर्ण झालं आणि पुढचं सुरू व्हायचं आहे अशा तुम्ही निवडलेल्या जागी ती खूण पाहा आणि तिथून शांतपणे बाहेर पडा.

सायसाखर

खूप खूप आभार. 'एकच थ्रेड स्वतःची वाट पाहतो आहे' हे वाचलं आणि दोन महिन्यांचा गुंता सुटला. एक शंका. साध्या लॉकऐवजी आरलॉक वापरलं तर? तोच थ्रेड ते पुन्हा घेऊ शकतो ना?

जुनी_वीट

घेऊ शकतो, आणि म्हणूनच इथे ते जास्त घातक. लॉकचा करार असा की आत शिरलात तर डेटा धड असेल. आरलॉक हँडलरला आत सोडेल, पण बाहेरचं काम अजून अर्धवटच आहे. प्रोग्रॅम अडकायचा थांबेल आणि अर्ध्या नोंदी निमूट लिहिल्या जातील. आज तो थिजतो म्हणून तुम्हाला कळलं तरी. उद्या आणखी एखाद्या आजी पावती घेऊन येतील तेव्हा कळेल.

रानजाई

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. रूबीत हेच केलं असतं तर २.० पासून रूबीने पहिल्याच वेळी थ्रेडएरर दिली असती: ट्रॅपच्या (रूबीतला सिग्नल हँडलर) आत म्यूटेक्स (लॉकच) घेता येत नाही. मला ही पद्धत जास्त आवडते, चूक पहिल्याच दिवशी दिसते. पायथन तुम्हाला तसं करू देतो आणि मग तुम्ही फटीत सापडता.

पहाटवारा

मी पर्लवाला. ५.८ यायच्या आधी, म्हणजे २००२ पूर्वी, पर्ल सिग्नल आला की हँडलर तिथल्या तिथे चालवायचं. महिन्यातून एकदा सर्व्हर कोअर डंप (कोसळतानाच्या मेमरीची फाइल) टाकून पडायचा आणि कारण कधीच सापडायचं नाही, कारण दर वेळी वेगळ्याच ठिकाणी पडलेला असायचा. ५.८ मध्ये 'सुरक्षित सिग्नल' आले, तेही असंच: खूण आत्ता, काम दोन ऑपकोडच्या (पर्लच्या आतल्या सूचना) मधल्या जागी. त्याची किंमतही होती. एखादं लांबलचक रेग्युलर एक्स्प्रेशन चालू असेल तर ते संपेपर्यंत हँडलर थांबतो. पायथनमध्येही तसंच आहे. सुरक्षितपणे पुढे ढकलायचं म्हणजे थोडा उशीर पत्करायचा.

जावानेही थ्रेड.स्टॉप १.२ पासूनच नको ठरवलं, ते याच जातीच्या दुखण्यामुळे. बाहेरून कुणीतरी मध्येच थांबवायचं, आणि आतलं काम कुठल्या अवस्थेत सुटलं ते कुणालाच माहीत नाही.

सायसाखर

दोन दिवस प्रयोग केले. सगळं मोकळेपणाने लिहिते, म्हणजे पुढे कुणाला उपयोग होईल.

आधी मी पीथ्रेड_सिगमास्क वापरून बघितलं. सभासदाचं काम सुरू होताना सिगटर्म अडवायचा, संपलं की सोडायचा. नोंदी अर्ध्या राहायच्या थांबल्या. पण पावती छापणारा वेगळा प्रोग्रॅम मी सबप्रोसेसने चालू ठेवते, तो आता सिगटर्मला दादच देत नाही. मशीन बंद व्हायला पुन्हा ९० सेकंद.

मग ते काढून जुनी_वीट यांनी सांगितलेली खूण घातली, थ्रेडिंगमधला इव्हेंट (थ्रेडना खूण कळवणारी तयार वस्तू) वापरून. पण आता नवीनच. हँडलर चालतो, इव्हेंट सेट होतो, आणि प्रोग्रॅम तरीही थांबत नाही. काट्यावर पुढचं दूध ओतलं की मग थांबतो! रात्री काट्याला कुणी हात लावत नाही, म्हणजे थांबणारच नाही.

जुनी_वीट

तिन्हींची उत्तरं.

सिग्नलचा मास्क मुलांकडे वारशाने जातो. अडवलेल्या अवस्थेत तुम्ही सबप्रोसेस सुरू केलात, तर नवीन प्रोग्रॅमही सिगटर्म अडवूनच जन्माला येतो, आणि एक्झेक (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्रॅम चढवणं) झालं तरी ते टिकतं. मास्क हे चांगलं हत्यार आहे, पण मुलं जन्माला घालणाऱ्या कोडभोवती नको. तुमच्या कामाला त्याची गरजही नाही.

सीरियल वाचन: तुम्ही टाइमआउट दिला नसेल. पायथन ३.५ पासून पीईपी ४७५ (पायथनमधल्या बदलाचा प्रस्ताव) प्रमाणे, सिग्नलमुळे सिस्टिम कॉल (ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेली मागणी) मध्येच तुटला तर पायथन आधी हँडलर चालवतो, आणि हँडलरने एक्सेप्शन फेकलं नाही तर तोच कॉल स्वतःहून पुन्हा सुरू करतो. एरवी ही मोठी सोय आहे. इथे मात्र वाचन पुन्हा काट्याची वाट बघत बसतं आणि खूण पाहायची पाळीच येत नाही. सीरियल पोर्टला १ सेकंदाचा टाइमआउट द्या. रिकामं वाचन आलं की खूण पाहायची, नसेल तर पुन्हा वाचायचं. याहून नेटकं हवं असेल तर सेट_वेकअप_एफडी आहे: सिग्नल आला की पायथन तुम्ही दिलेल्या सॉकेटवर एक बाइट टाकतो, आणि सिलेक्टमध्ये तुम्ही काटा आणि ते सॉकेट दोन्हींवर लक्ष ठेवता. पायथनची असिंकआयओ लायब्ररी आतून हेच करते. पण तुमच्या केंद्रावर एका सेकंदाने काही बिघडत नाही, टाइमआउटच ठेवा.

इव्हेंट काढून टाका आणि साधं ट्रू-फॉल्स ठेवा. इव्हेंटच्या पोटातही एक साधं लॉक असतं. मेन थ्रेड त्याच इव्हेंटच्या वेटमध्ये शिरत असताना अगदी त्या फटीत हँडलर आला, तर तुमचा पहिलाच आजार परत. फट फार बारीक आहे, म्हणूनच ती नेमकी दिवाळीच्या बिलाला सापडेल. क्यूचंही (थ्रेडमधल्या देवाणघेवाणीची रांग) तेच. हँडलरमधून काही टाकायचंच असेल तर ३.७ मध्ये आलेली सिंपलक्यू घ्या, तिचं पुट पुन्हा आत शिरलं तरी अडकत नाही.

भिंगरी

एक गोष्ट कुणीच जोर देऊन सांगितली नाही. सिगकिल पकडता येत नाही. यूपीएसची वायर कुणाच्या पायाने निघाली तर सिगटर्मही येणार नाही. तेव्हा पुढे ढकलण्याची रचना कितीही चांगली असली तरी वजन आणि फॅट एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं लिहिलं जाईल नाहीतर काहीच नाही, असा गट) हवेत. मधेच काही झालं तर एसक्यूलाइट पुढच्या वेळी फाइल उघडताना अर्धवट ट्रान्झॅक्शन मागे घेतं. सभासदाची नोंद एकतर पूर्ण असेल किंवा नसेल. नसेल तर निदान सचिवांना दिसेल की आज यांचं दूध पडलेलं नाही. अर्धी नोंद कुणालाच दिसत नाही, त्या आजींना सोडून.

आणि तपासायला खऱ्या काट्याची वाट पाहू नका. सोकॅट या प्रोग्रॅमने दोन आभासी सीरियल पोर्ट जोडून खोटा काटा करा आणि वेगवेगळ्या क्षणी सिगटर्म मारत राहा.

सायसाखर

भिंगरी, खोट्या काट्याची कल्पना फार कामाची ठरली. काल रात्री ३०० वेळा सिगटर्म मारला, दर वेळी वेगळ्या क्षणी. एकदाही अडकला नाही, अर्धी नोंद एकही नाही. मग १०० वेळा थेट सिगकिल. तेव्हा काही नोंदी गेल्या, पण ज्या आहेत त्या पूर्ण आहेत.

आता रचना अशी आहे. हँडलरमध्ये एकच ओळ. काटा आणि फॅट मशीन दोन्हींना १ सेकंदाचा टाइमआउट. कचरा अक्षरांसाठीचं एक्सेप्ट फक्त डिकोडच्या चुकीपुरतं. खूण दिसली तेव्हा फॅटची वाट पाहणं चालू असेल तर जास्तीत जास्त ६० सेकंद थांबते. फॅट आली तर पूर्ण नोंद. नाही आली तर वजन 'अपूर्ण' नावाच्या वेगळ्या तक्त्यात, आणि पुन्हा सुरू झाल्यावर पडद्यावर सगळ्यांत वर सभासदाचा नंबर लाल अक्षरांत.

खटपट

छान झालं. फक्त सर्व्हिस फाइलमध्ये थांबण्याची मुदत स्वतः लिहा, मूळ ९० वर विसंबू नका. काही ठिकाणी ती बदललेली असते, आणि तुमच्या ६० सेकंदांना जागा हवी. शिवाय त्या वेळात बॅटरी टिकते का तेही मोजा.

सायसाखर

मुदत १२० लिहिली. बॅटरी आज दुपारी मोजली, स्क्रिप्ट सुरू झाल्यापासून सव्वाचार मिनिटं टिकली. उद्या पहाटेच्या संकलनाला हा प्रोग्रॅम लावते आहे. सचिवकाकांना सांगितलंय, पुढची दोन बिलं होईपर्यंत वहीतही लिहा, रोज संध्याकाळी मी दोन्ही ताडून बघेन. आजींच्या त्या सकाळच्या फॅटसाठी त्यांच्या आदल्या दहा दिवसांची सरासरी लावून फरक या बिलात दिला आहे.