डॅशबोर्डात स्वस्तातले जीपीएस युनिट बसवताना : आपले अनुभव लिहावेत

गाडी उत्तम चालते, पण डॅशबोर्डात नुसता रेडिओ आहे आणि नकाशासाठी काचेला चिकटवलेल्या मोबाइलवर अवलंबून राहावे लागते, अशा स्थितीत बहुतेकांच्या मनात कधी ना कधी स्वस्त गटातल्या जीपीएस युनिटचा विचार येऊन जातो. अशा युनिटांच्या खोक्यांवर छापलेले गुण जवळपास सारखेच असतात. प्रत्यक्षात ते समाधान देणार की डोकेदुखी होणार, हे मात्र ते गाडीत कसे बसवले यावर ठरते, आणि त्याबद्दल सोबतच्या चतकोर पुस्तिकेत काहीच लिहिलेले नसते. म्हणून ज्यांनी असे युनिट स्वतः बसवले आहे किंवा दुकानात शेजारी उभे राहून बसवून घेतले आहे, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. कोणते युनिट घ्यावे ही चर्चा लवकर शिळी होते. तिच्यात न शिरता जागा, अँटेना, वीजजोडणी आणि नकाशा यांबद्दल लिहिल्यास नंतर येणाऱ्या वाचकाला अधिक उपयोग होईल. सुरुवात मी करतो.

माझा सर्वांत जास्त वेळ गेला तो जागेवर. डबल डिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खाचेचे दर्शनी माप साधारण १८० मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच असते आणि सिंगल डिनची उंची त्याच्या निम्मी असते, एवढे बहुतेक विक्रेते सांगतात. खाचेच्या खोलीबद्दल मात्र कोणी अवाक्षर काढत नाही. युनिटची पाठ कितीही पातळ असली, तरी तिच्यातून निघणारा वायरींचा गुच्छ चांगला मूठभर असतो आणि तो कुठेतरी सामावून घ्यावा लागतो. जुना रेडिओ काढल्यावर मी आत हात घालून चाचपले, तेव्हा मागे एसीच्या हवेचा मार्ग आडवा गेलेला होता आणि त्याच्या खाली, ग्लव्ह बॉक्सच्या मागे, बरीच पोकळी होती. सगळे जोड त्या पोकळीत उतरवले, वायरी एकमेकींना जोडणाऱ्या प्रत्येक कपलरला फेल्टची (दाट मऊ कापडाची) चिकटपट्टी गुंडाळली आणि मगच युनिट आत सरकवले. फेल्ट ही चैन वाटेल, पण खडबडीत रस्त्यावर कपलर प्लॅस्टिकवर आपटत राहिल्याचा आवाज ज्यांनी ऐकला आहे, त्यांना तिचे महत्त्व सांगायला नको. दर्शनी फ्रेम आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेलीच घ्यावी; सर्व गाड्यांना बसते असे सांगून विकली जाणारी फ्रेम एका कडेला फट ठेवतेच.

०००

मी युनिट दुकानातून बसवून घेतले. गाणी, फोन, रिव्हर्स कॅमेरा हे सगळे पहिल्यापासून व्यवस्थित होते. फक्त नकाशावरची आमची गाडी शेजारच्या रस्त्यावरून चालत असे आणि उंच इमारतींमधून जाताना जागच्या जागी थिजून राही. दुकानदाराने युनिटच हलके असल्याचे सांगून वरच्या श्रेणीतले मॉडेल सुचवले. ते ऐकून घेतले आणि घरी येऊन फ्रेम काढली, तेव्हा अँटेनाची लहानशी चौकोनी डबी तिच्या वायरीच्या वेटोळ्यासकट युनिटच्या लोखंडी पत्र्याखाली कोंबलेली दिसली.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि गाडीपर्यंत पोहोचेस्तोवर त्यांचा संदेश अतिशय क्षीण झालेला असतो. उंचीसह स्थान ठरवण्यासाठी किमान ४ उपग्रहांचे संदेश एकाच वेळी मिळावे लागतात, कारण स्थानाबरोबर युनिटच्या घड्याळातला फरकही शोधून काढावा लागतो. हा संदेश प्लॅस्टिकमधून आणि साध्या काचेतून आरपार येतो, पत्र्यातून येत नाही. डबीच्या आत सिरॅमिकचा एक चौकोनी तुकडा असतो आणि त्याचे तोंड आकाशाकडे असावे लागते. म्हणजेच चुंबकाची बाजू खाली यायला हवी. मी ती डबी डॅशबोर्डच्या वरच्या प्लॅस्टिकखाली, पुढच्या काचेच्या शक्य तितक्या जवळ, एका लहान लोखंडी पट्टीवर बसवली. पट्टीने डबी धरून ठेवली, शिवाय अशा अँटेनाला खालून जी धातूची बैठक मिळाल्यास बरे पडते तीही मिळाली. उपग्रहांची स्थिती दाखवणाऱ्या पडद्यावर पूर्वी दोन-तीन खुरट्या राखाडी पट्ट्या दिसत असत. जागा बदलल्यावर त्या एकामागून एक हिरव्या होत वर चढताना मी पाहिल्या, आणि गाडी नकाशावर आपल्या रस्त्यावर आली.

पुढच्या काचेला उष्णता परतवणारा धातूचा सूक्ष्म थर असेल, तर मात्र ही जागा उपयोगाची नाही. अशा अनेक काचांवर आरशाच्या मागे थर नसलेला छोटा भाग सोडलेला असतो. डबी तेथे न्यावी.

०००

वरच्या अनुभवाला जोडून एकच गोष्ट सांगतो. माझ्या गाडीत अँटेना योग्य जागी असूनही पट्ट्या वर येत नव्हत्या, आणि डॅशकॅमचा यूएसबी चार्जर लायटरच्या सॉकेटमधून उपसताच त्या वर येत. जीपीएसचा नागरी संदेश १,५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर येतो. हलक्या चार्जरमध्ये आणि कॅमेऱ्यात निघणारा विद्युत गोंगाट त्याच भागात पसरला, तर मूळचा क्षीण संदेश त्यात बुडून जातो. चार्जर बदलला आणि कॅमेऱ्याची वायर अँटेनाच्या वायरीपासून दूर नेली. नवे युनिट घेण्याचा विचार करण्यापूर्वी गाडीतली बाकीची उपकरणे एकेक करून काढून पाहावीत.

०००

मी गाड्यांच्या विजेची कामे करतो, त्यामुळे इतरत्र बसवलेली आणि नंतर कुरकुरू लागलेली युनिटेच माझ्याकडे अधिक येतात. गाडी काही दिवस उभी राहिली की चालू होत नाही, ही एक तक्रार असते. किल्ली काढली की युनिट सगळे विसरते, ही दुसरी. आणि जीपीएस पकडायला फार वेळ घेते, ही तिसरी. ऐकताना हे तीन वेगवेगळे आजार वाटतात, पण बऱ्याचदा मूळ एकच निघते.

युनिटच्या हार्नेसमध्ये, म्हणजे वायरींच्या गुच्छात, पिवळी वायर बॅटरीच्या कायमच्या १२ व्होल्टसाठी, लाल वायर किल्ली फिरवल्यावर येणाऱ्या विजेसाठी आणि काळी अर्थसाठी, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला जोडण्यासाठी, असते. घाईत काम करणारा माणूस पिवळी आणि लाल एकत्र पिळून बॅटरीच्या थेट प्लसला जोडतो. मग युनिट कधी झोपतच नाही आणि बॅटरी उतरते. दोन्ही किल्लीच्या विजेला जोडल्या, तर किल्ली काढताच युनिटची वीज पूर्ण तुटते, घड्याळ आणि सेटिंग पुसले जाते, आणि पुष्कळ युनिटांत जीपीएसच्या चिपने साठवलेली उपग्रहांची माहितीही जाते. ती माहिती उपग्रहांकडून सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने येते. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवला जातो, आणि सर्व उपग्रहांचा ढोबळ आराखडा पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. मोकळ्या आकाशाखाली गाडी उभी असेल तर हे निभते. झाडांखालून आणि इमारतींमधून धावत असेल, तर मधले तुकडे गळतात आणि पुन्हा पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. थोडक्यात, ज्याला लोक मंद जीपीएस म्हणतात, तो पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी जोडलेल्या पिवळ्या वायरीचा परिणाम असतो.

रंगावर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. काही युरोपीय गाड्यांच्या कपलरमध्ये कायमची वीज आणि किल्लीची वीज यांच्या जागा नेहमीच्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकातल्या) मांडणीच्या उलट असतात. मल्टीमीटर लावून, किल्ली काढून आणि फिरवून, दोन्ही स्थितींत व्होल्टेज पाहावे आणि मगच जोड करावा. काम झाल्यावर किल्ली काढून, युनिट झोपेपर्यंत थांबून, युनिटच्या फ्यूजच्या जागी मीटर लावून ते किती करंट ओढते हेही पाहावे. ते काही मिलिअँपिअर असेल तर ठीक. शेकड्यांत असेल तर युनिट जागेच आहे असे समजावे.

जोड पिळून त्यावर टेप गुंडाळण्याची पद्धत मला अजिबात मान्य नाही. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डाच्या आत टेपचा गोंद पाझरतो, टेप सरकते आणि उघडी तार मोकळी होते. क्रिंप करावे (तारा धातूच्या नळीत घालून ती दाबावी) किंवा डाग देऊन वरून उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवावी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर घेणे, कारण त्यात कंपनीच्या एकाही वायरीला कात्री लागत नाही. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे. डॅशबोर्डाखाली पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरी दिसल्या, तर त्या सहसा एअरबॅगच्या असतात. त्यांना मीटर तर नाहीच, बोटही लावू नये. अँटेना, वायर किंवा स्टँड एअरबॅग उघडण्याच्या जागेवर येणार नाही, हेही पाहावे.

हँडब्रेक ओढलेला असतानाच व्हिडिओ दिसावा यासाठी असलेली वायर सरळ अर्थला जोडून चालत्या गाडीत व्हिडिओ सुरू करून देण्याची मागणी अनेक जण करतात. ते काम मी करत नाही.

०००

माझे युनिट विंडोज सीई या लहान उपकरणांसाठीच्या प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या पिढीतले आहे आणि ज्यांनी तसे वापरलेले घेतले असेल, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. यात नकाशा मेमरी कार्डवर असतो, आणि कार्डातली कोणती फाइल चालवायची हे सेटिंगमध्ये जाऊन दाखवावे लागते. त्याशिवाय नकाशाचे बटण दाबून काही होत नाही. पुढचा अडथळा असा, की नकाशा उघडतो पण उपग्रह शून्य दाखवतो, आणि युनिटच्या स्वतःच्या तपासणी पडद्यावर मात्र तेच उपग्रह व्यवस्थित दिसतात. जीपीएसची चिप आपली माहिती एका ठरावीक कॉम पोर्टवरून (युनिटच्या आतल्या माहितीच्या मार्गावरून) ठरावीक वेगाने पाठवते आणि नकाशाचा प्रोग्रॅम भलत्याच पोर्टवर वाट पाहत असतो. ही माहिती पाठवण्याच्या एनएमईए ०१८३ या मानकाचा मूळ वेग ४,८०० बॉड आहे, पण पुष्कळ चिप ९,६०० बॉडवर बोलतात. तपासणी पडद्यावर लिहिलेला पोर्ट आणि वेग नकाशाच्या प्रोग्रॅममध्ये जसाच्या तसा भरला आणि काम झाले.

या युनिटने २०१९ च्या एप्रिलनंतर तारीख जवळपास वीस वर्षे मागे नेली. स्थान बरोबर, मिनिटे बरोबर, वर्ष मात्र १९९९. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांत असतो, त्यामुळे १,०२४ आठवड्यांनी तो शून्यावर येतो. हे ऑगस्ट १९९९ मध्ये आणि नंतर ६ एप्रिल २०१९ च्या रात्री घडले. निर्मात्याने नवे सॉफ्टवेअर दिलेले नसेल, तर उपग्रहावरून तारीख घेण्याची सोय बंद करून ती हाताने भरणे एवढेच आपल्या हाती राहते. पुढची पाळी नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. तोवर हे युनिट टिकेल अशी माझी अपेक्षा नाही.

०००

बोगद्यात स्वस्त युनिट आंधळे होते, हे गृहीत धरावे. कंपनीच्या बऱ्याच यंत्रणा चाकांच्या वेगावरून आणि वळणांवरून अंदाज बांधत पुढे जातात. माझ्या युनिटला वेगाची वायर जोडण्याची सोयच नाही. बोगद्याच्या आतच फाटा असेल, तर तो आधी पाहून ठेवतो.

०००

माझे मत वरील बहुतेकांपेक्षा वेगळे आहे. मी युनिटचा केवळ पडदा वापरतो. नकाशा मोबाइलमध्ये चालतो आणि त्याचे चित्र पडद्यावर येते. युनिटमधला नकाशा वेळोवेळी अद्ययावत करण्याची कटकट राहत नाही आणि वाहतुकीची ताजी स्थितीही कळते. माझी खरी तक्रार पडद्याबद्दल आहे. दुपारच्या उन्हात तो आरशासारखा चकाकतो, आणि खाच गिअरच्या दांड्याजवळ खाली असल्याने नजर रस्त्यावरून बरीच खाली न्यावी लागते. विकत घेण्यापूर्वी दुकानातल्या सावलीत न पाहता गाडीत, उन्हात, चालकाच्या जागेवर बसून पडदा पाहावा आणि आवाजी सूचना पुरेशा मोठ्या येतात का तेही ऐकावे.

०००

शेवटच्या अनुभवाबद्दल थोडे. जेथे मोबाइलचे नेटवर्क जाते, तेथे ताजी वाहतूकही जाते. म्हणून मोबाइलवर असो वा युनिटवर, नकाशा उतरवून ठेवलेला बरा. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारी विनामूल्य अ‍ॅप अँड्रॉइड युनिटवर चांगली चालतात आणि त्यांतला चुकलेला रस्ता आपल्याला स्वतः दुरुस्तही करता येतो. आणखी एक विनंती अशी, की काढलेला मूळ रेडिओ, त्याची फ्रेम आणि स्क्रू एका पिशवीत घालून, वर गाडीचे मॉडेल लिहून जपून ठेवावेत. गाडी विकताना घेणाऱ्याला मूळ रेडिओच हवा असतो असे पुष्कळदा होते, आणि वायरी कापलेल्या नसतील, तर तो परत बसवण्याचे काम तासाभरात उरकते.