जिओजेब्रात दिसतंय, पण प्रूफ कुठून सुरू करू?

प्रश्न: बीएस्सी सेकंड इयर. जिओजेब्रात (भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर) त्रिकोणाचा लंबसंपात (शिरोलंब मिळतात तो बिंदू), मध्यगासंपात (मध्यगा मिळतात तो) आणि परिकेंद्र (बाजूंचे लंबदुभाजक मिळतात तो) काढलं, शिरोबिंदू कसाही ओढला तरी तिन्ही एका रेषेतच राहतात, तासभर ओढत बसलो होतो! पण मॅडम म्हणतात हे प्रूफ नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: मॅडमचं बरोबर आहे, कितीही त्रिकोण बघितलेस तरी उरलेले राहतातच ना. पण आता अंतरं मोज, लंबसंपात मध्यगासंपातापासून परिकेंद्राच्या दुप्पट लांब दिसेल. मध्यगापण तिथेच २:१ मध्ये तुटते, धागा तोच.

उत्तर २: बाजूंचे मध्यबिंदू जोडून आतला छोटा त्रिकोण काढ. बाजू समांतर (नववीतलं मध्यबिंदू प्रमेय), म्हणून मोठ्याचे लंबदुभाजक हेच छोट्याचे शिरोलंब, म्हणजे मोठ्याचं परिकेंद्र हाच छोट्याचा लंबसंपात. आता मोठा त्रिकोण मध्यगासंपाताभोवती १८० अंशात फिरवून निम्मा केला की छोटाच मिळतो, त्यात लंबसंपात जाऊन परिकेंद्रावर बसतो, झालं की, रेषा पण आली आणि २:१ पण.

प्रश्नकर्ता: स्लायडर लावून बघितलं, खरंच बसतो!! समभुज त्रिकोणात तिन्ही एकच होतात, ते वेगळं लिहू का?

उत्तर २: हो लिही, तिथे रेषाच ठरत नाही.