लंगडणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला असं नाही

'घोड्याच्या पुढच्या पायाचं टेंडन दुखावलं होतं, दोन महिन्यांत लंगडणं थांबलं, आता खोगीर चढवू का?' असं एकाने विचारलंय. माझं मत, नको. पुढच्या पायाचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरीसारखी शीर, भरून यायला ९ ते १२ महिने सहज लागतात. सूज आणि लंगडणं त्याच्या बरंच आधी जातं. पुन्हा सोनोग्राफी करून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पाठीवर बसू नका. तोवर दोर धरून सपाट, टणक जमिनीवर सरळ चालवा. गोल फिरवणं नको, माथेरानसारखे चढउतार तर नकोच.

आणि चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा! तबेल्यात नुसत्या उभ्या घोड्याला कामाच्या दिवसांइतकीच चंदी घालणारे बघितले की डोक्याला हात लावावासा वाटतो. पोटशूळ होतो, खुरांना दाह होतो, शिवाय माजलेला घोडा उड्या मारून तोच पाय पुन्हा दुखावतो. चंदी कमी, सुकं गवत भरपूर. दुसऱ्या पुढच्या पायाचा खूरही रोज बघत जा, सगळा भार त्याच्यावर असतो.