मदत हवी आहे : तोंड वाकडं झालंय, पण डॉक्टर म्हणतात अर्धांगवायू नाही

लोंबी :
बाबा 58 वर्षांचे, साखर आहे, गोळ्या चालू आहेत. परवा सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. बघतो तर तोंड डावीकडे ओढलेलं, उजवा डोळा मिटेना. तसंच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी भुवया वर करायला लावल्या, दात दाखवायला सांगितलं, हातपाय आणि बोलणं तपासलं. म्हणाले, "बेल्स पाल्सी. नसेला सूज आहे." प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड दिलंय, स्कॅन सांगितला नाही.

घरात मात्र गोंधळ आहे. आत्या म्हणते वारं गेलंय, कबुतराचं रक्त चोळा. ते करणार नाहीच, पण मलाही काही गोष्टी कळत नाहीत. नुसत्या भुवया बघून मेंदूत काही नाही हे कसं ठरलं? उजव्या गालाला हात लावलेला बाबांना व्यवस्थित कळतो, मग तो हलत का नाही? शिवाय कुकरची शिट्टी उजव्या कानात फार मोठी वाजते म्हणतात आणि चहा बेचव लागतोय. हे सगळं एकाच दुखण्याचं आहे का? आणि साखर असताना स्टेरॉईड चालतं?

मज्जारज्जू :
हो, एकाच नसेचं. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या 12 जोड्या असतात, त्यातली ही सातवी. चेहऱ्याचे स्नायू हलवायचं काम हिचं. स्पर्श मेंदूकडे नेते ती पाचवी, वेगळी. ती शाबूत आहे म्हणून हात लावलेला कळतो.

आता भुवयांचं. चेहऱ्याच्या खालच्या भागाला हुकूम मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूकडून येतो, कपाळाला मात्र दोन्ही बाजूंकडून. त्यामुळे मेंदूच्या एका बाजूला अर्धांगवायूचा झटका आला तर तोंड वाकडं होतं, पण कपाळाला आठ्या बहुधा पडतात. बाबांच्या उजव्या कपाळावर आठ्या पडत नसतील तर बिघाड बहुधा मेंदूतून बाहेर पडलेल्या नसेत आहे. डॉक्टर तेच बघत होते.

कानामागच्या हाडात एक अरुंद बोगदा आहे, त्यातून ही नस बाहेर येते. तिथे सूज आली की बोटात रुतलेल्या अंगठीसारखी गत होते, पसरायला जागाच नाही. वाटेत तिचा एक बारीक फाटा कानातल्या एवढ्याशा स्नायूला जातो. मोठ्या आवाजाला कानातलं चिमुकलं हाड फार थरथरू नये म्हणून तो आवळतो. तो लुळा पडला की शिट्टी कानात घुसते. दुसरा फाटा जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाची चव आणतो. चहाचं कोडं तिथे सुटतं. (आत्यांना हे सांगून बघा, कबुतर वाचेल.)

स्टेरॉईड पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर चांगला उपयोग होतो, तुमचं वेळेत झालंय. साखर वाढेल. ती किती वेळा तपासायची, मधुमेहाच्या गोळ्या बदलायच्या का, हे आजच फोन करून विचारा. कुठल्याच गोळ्या मनाने बंद करू नका.

भुईचाफा :
माझ्या जावेला झालं होतं. डोळ्याकडे लक्ष द्या, बाकी तोंड सावकाश येतं जाग्यावर. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ कोरडं पडून जखम होते. दिवसा डॉक्टरांनी दिलेले थेंब, रात्री मलम आणि पापणीला कागदी चिकटपट्टी. बाहेर जाताना चष्मा. घास त्या गालात अडकून राहतो, जेवल्यावर बोटाने साफ करायला सांगा.

लोंबी :
आभार दोघांचेही. आत्ता बघितलं, उजव्या बाजूला एकही आठी पडत नाही. नीट व्हायला किती दिवस? शेजारचे काका विजेच्या शॉकचं मशीन आणून देतो म्हणतात.

मज्जारज्जू :
बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत फरक दिसायला लागतो, पूर्ण बरं व्हायला काही महिनेही लागतात. नसेतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो, घाई चालत नाही. कधी वाढताना वाट चुकतो, मग हसलं की डोळा बारीक होतो. मशीन विकत घेऊ नका, फिजिओथेरपिस्टकडून आरशासमोरचे हलके व्यायाम शिका.

कानात फोड आले तर ती नागीण असू शकते, लगेच दाखवा. तीन महिन्यांत काहीच हललं नाही तर न्यूरॉलॉजिस्ट गाठा. आणि हात जड वाटला, बोलणं अडखळलं, तर वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.