अबोल्याला इंग्रजीत काय म्हणतात? (त्या यादीला उत्तर)

गणपत गल्लीकर
काल आमच्या बेळगावातल्या गल्लीच्या ग्रुपवर एका इंग्रजी क्लासची यादी फिरत फिरत आली. माणसामाणसांतल्या संबंधांचे 20 इंग्रजी वाक्प्रयोग. गेट अलाँग विथ, फॉल आउट (बिनसणे), मेक अप (पुन्हा गोडी होणे), लुक अप टू, लुक डाउन ऑन, पुट अप विथ, लेट डाउन, स्टँड अप फॉर, असं सगळं. यादीबद्दल काही म्हणणं नाही. पण वर ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: "मराठीत नात्यांसाठी नेमके शब्दच नाहीत, म्हणून सीमाभागातली आपली मुलं मनातलं बोलत नाहीत." ते वाचलं आणि सकाळचा चहा कडू झाला.

शब्द नाहीत? आमच्या घरी दोन सुना होत्या तेव्हा एकटं 'बोलणे' किती तऱ्हांनी चालायचं बघा. थोरली तोडून बोलायची, धाकटी लावून बोलायची, आत्या घालूनपाडून बोलायची, आणि आम्ही पोरं उलटून बोललो की पाठीत धपाटा. इंग्रजी 'टॉक'ला मागून शेपूट जोडतं: टॉक बॅक, टॉक डाउन टू, टॉक ओव्हर. आपण पुढे एक क्रियापद जोडतो. काम तेच.

जे क्रियापदाने होत नाही ते प्रत्ययाने होतं. 'त्याच्यावर रागावलो' म्हणजे राग मनात. 'त्याला रागावलो' म्हणजे चार शब्द तोंडावर सुनावले. इंग्रजीत पहिल्याला अँग्री विथ आणि दुसऱ्याला टेल ऑफ, क्रियापदच वेगळं. 'मी त्याला भेटलो' म्हटलं की मी मुद्दाम गेलो, 'तो मला भेटला' म्हटलं की खडेबाजारात अचानक गाठ पडली. त्यासाठी त्यांना रन इंटू लागतं, आपलं एका 'ला'वर भागतं. आता सांगा, गरीब कोण?

टिळकवाडी मास्तर
ती यादी माझी आहे. लपवायचं काही कारण नाही.

तुमचं व्याकरण झकास आहे, पण बेंगळुरूच्या ऑफिसात 'ला' आणि 'वर' कोण ऐकून घेणार? आपल्या मुलांना टॉलरेट येतं, रिस्पेक्ट येतं, डिसअपॉइंट येतं. सगळे पुस्तकातून आलेले, लॅटिन-फ्रेंच घराण्यातले शब्द. रोजच्या बोलण्यात ती माणसं पुट अप विथ, लुक अप टू, लेट डाउन म्हणतात. आपला मुलगा "आय कॅनॉट टॉलरेट यू" म्हणतो तेव्हा समोरच्याला कोर्टाची नोटीस आल्यासारखं वाटतं. त्याला म्हणायचं असतं 'जरा ऐका हो'.

माझ्याच एका विद्यार्थ्याची गोष्ट. बेंगळुरूला नोकरी लागली, मामाकडे राहायला गेला. आपल्याकडे 'व्हेअर आर यू पुटिंग अप' म्हणजे मुक्काम कुठे, हे सगळ्यांना कळतं. परदेशी साहेबाने राहण्याची चौकशी केली तर याने सरळ लिहून दिलं, "आय ॲम पुटिंग अप विथ माय अंकल." साहेबाने सहानुभूतीने विचारलं, इतका त्रास होत असेल तर कंपनी खोलीची सोय करेल का? मामा राहिला बाजूला, एका 'विथ'ने बिचारा छळवादी झाला. अशा वेळी तुमचं घालूनपाडून काय कामाचं?

निपाणीची सून
मास्तर, मामाची गोष्ट वाचून हसले. पण शब्द नाहीत म्हणता, तर 'अबोला' तुमच्या यादीत कुठे बसतो ते सांगा.

माझ्या सासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई, मधे एकच भिंत, अबोला अकरा वर्षं. फॉल आउट नाही हो. पडलं-तुटलं काही नव्हतं. दिवाळीला फराळाचं ताट जायचं, पोराच्या हाती. परत येताना त्याच ताटात त्यांच्या चकल्या यायच्या. दुखणं आलं की औषधाला पैसे भिंतीपलीकडून. फक्त शब्द नाही. बोलायचंच झालं तर मांजराकडे बघून: "मनीऽऽ, सांग हो कुणाला, आज पाणी लवकर जाणार म्हणतात." याला इंग्रजीत काय म्हणाल? नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स? मांजरामार्फत तर रोज बोलणं होतं की!

टिळकवाडी मास्तर
मॅडम, त्यांच्यात 'सायलेंट ट्रीटमेंट' आहे.

निपाणीची सून
ती शिक्षा झाली, मास्तर. अबोला धरतात आणि सोडतात, उपास धरावा-सोडावा तसा. दोन्हीकडे मान असतो त्यात.

टिळकवाडी मास्तर
बरं, मानलं. आता माझी पाळी. 'लेट डाउन'ला एक मराठी शब्द द्या. एकच. "यू लेट मी डाउन."

गणपत गल्लीकर
तोंडघशी पाडलंस.

टिळकवाडी मास्तर
ते चारचौघांत होतं. लेट डाउन दोघांतच होऊ शकतं, कुणाला पत्ता नसताना.

गणपत गल्लीकर
ऐनवेळी हात वर केलेस. अवसानघात. विश्वासघात.

टिळकवाडी मास्तर
विश्वासघात म्हणजे पोलीस केस. माझी मुलगी बारावीला मला म्हणाली होती, यू लेट मी डाउन, पप्पा. तिच्या स्नेहसंमेलनाला मी गेलो नव्हतो, क्लास होता. तिला काय 'अवसानघात' म्हणायचं होतं का? मुलांना इंग्रजीत बोलावं लागतं ते यासाठी. आणि राग मानू नका, आधी आपलं मराठी तरी धड आहे का? जातोय-करतोय न म्हणता 'जाऊलालोय, करूलालोय' म्हणणाऱ्यांनी नेमकेपणाच्या गप्पा मारू नयेत.

खानापूरचा पोरगा
काय बोलूलालायसा मास्तर? मुद्दामच असं लिहूलालोय.

शिकायला पुण्यात होतो तेव्हा तोंडी परीक्षेत तोंडातून 'येऊलालोय' गेलं. समोरचे सर शेजारच्या सरांकडे बघून हसले आणि म्हणाले, "कर्नाटक का?" पुढचे तीन प्रश्न येत असून मी गप्प बसलो. त्या दिवसापासून पुण्यात दोन वर्षं मी प्रत्येक वाक्य आधी मनात घासून मग बोललो. पुण्याच्या माणसाने हसावं, ठीक. टिळकवाडीतल्या आपल्याच माणसाने हसावं? लुक डाउन ऑन शिकवता ना क्लासमध्ये? ते काय असतं ते इथे करून दाखवलंत.

शहापूरकर (सध्या पुणे)
पुण्यात प्रमाण मराठीचा आग्रह असतो, त्यात अपमान कसला? मी इथे 20 वर्षं आहे, आठ दिवसांत बदललं बोलणं. कन्नड मिसळलेली भाषा घेऊन मराठीचा लढा कसा देणार?

खानापूरचा पोरगा
आठ दिवसांत बदलणाऱ्याने लढ्याचं नाव काढू नये.

उगार खुर्द
माझं शिक्षण कन्नडात, घरी मराठी. भांडण लावायचा हेतू नाही, एवढंच सांगतो. 'जाऊलालोय' म्हणजे मला तरी 'जाऊ लागलो आहे' हेच घासून झालेलं वाटतं. शब्द सगळे मराठी. पण बांधणी बघा. आमच्या उत्तर कर्नाटकात 'माडाक हत्तेनी' म्हणतात, करतोय या अर्थाने. त्यातला 'हत्तु' म्हणजे चिकटणे, चढणे आणि सुरू होणेसुद्धा. आणि आपलं 'लागणे' म्हणजेही चिकटणे आणि सुरू होणे. दोन शेजारी एकाच पाण्यावर इतकी वर्षं काढतात, मग कुणाची कळशी कुठली हे विचारायचं कशाला?

आणि विषय माणसामाणसांचा चालूय म्हणून: कन्नडात 'माताडिसु' म्हणून एक आहे. शब्दशः, समोरच्याला बोलतं करणे. लग्नात कुणी एकटं बसलेलं दिसलं की आमची आजी म्हणायची, जा, त्यांना माताडिसून ये. अर्धं कन्नड, अर्धं मराठी. याला मराठी शब्द द्या आणि इंग्रजीही द्या. विचारपूस जवळ येतं, पण त्यात चौकशी जास्त, बोलतं करणं कमी.

एक नोव्हेंबर
1956 ला आपल्याला कन्नड राज्यात घातल्यापासून आमच्या भाषेची गळचेपी चाललीय आणि तुम्ही इथे कन्नड क्रियापदांची आरती करताय? दुकानाच्या पाटीवर 60 टक्के कन्नड पाहिजे म्हणून दंडुके बसतात, 2004 पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि इथे चर्चा काय, तर लेट डाउन! आपल्याला सगळ्यांनीच लेट डाउन केलंय, घ्या वापरून वाक्यात.

गणपत गल्लीकर
काका, एक नोव्हेंबरला काळ्या दिवसाच्या निषेध फेरीत मीही असतो, तुम्ही ओळखता मला. पण हा धागा त्याचा नाही. उगारकरांनी आजीचा शब्द दिला, पाटी लावली नाही.

एक नोव्हेंबर
सुरुवात शब्दापासूनच होते.

खानापूरचा पोरगा
मग काका, 'अडकित्ता' कन्नडातून आलाय म्हणतात. पान खायचं सोडणार?

एक नोव्हेंबर
डॉक्टरांनी आधीच सोडायला लावलंय.

निपाणीची सून
मास्तर, तुमच्या मुलीचं वाचल्यापासून लेट डाउन डोक्यातून जाईना. मघाशी भाकरी थापताना सुचलं. आमची आई असती तर म्हणाली असती, "मी तुझ्यावर विसंबले होते रे." संपलं. पुढे काही बोलली नसती. इंग्रजी टाकणाऱ्याकडून बोलतं, तू मला खाली पाडलंस. आपण टेकणाऱ्याकडून बोलतो. दोष द्यायचा तो न देता दिला जातो, आणि जास्त लागतो.

गणपत गल्लीकर
हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मास्तरांचं अर्धं म्हणणं खरं धरावं लागेल, लेट डाउनला सुटा शब्द आपल्याकडे नाही. नाइलाजाने लिहितोय हे.

टिळकवाडी मास्तर
अर्ध्याबद्दल आभारी आहे. पावती पाठवा.

विसंबले होते... माझी मुलगी तसं म्हणाली असती तर मी क्लास सोडून गेलो असतो की काय, कोण जाणे. यू लेट मी डाउन ऐकून मी तिचा उच्चार दुरुस्त केला होता.

यादीच्या वरची ओळ काढतो. मेक अपच्या खाली 21 नंबरला 'अबोला धरणे / सोडणे' घालतो, समोरची इंग्रजी जागा कोरी. मुलांना भरू दे, बघू कोण काय लिहितं.

खानापूरचा पोरगा
आणि जाऊलालोय?

टिळकवाडी मास्तर
ते नाही घालणार.

खानापूरचा पोरगा
माफी तरी मागणार?

टिळकवाडी मास्तर
विचार करूलालोय.